पदकावर नाव नसतं तेव्हा

दोन अंकांपूर्वी मी छोट्या पदकांविषयी लिहिलं होतं. मूळ पदकाच्या साधारण निम्म्या आकाराची, लष्करी मेस ड्रेसवर (अधिकाऱ्यांच्या मेसमधल्या समारंभी जेवणाचा पोशाख) किंवा रात्रीच्या मेजवानीच्या कोटावर लावायची ती मिनिएचर. वाटलं होतं, चार-पाच जण वाचतील. पत्रांचा गठ्ठाच आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून इतरांनाही उपयोगी पडतील अशी पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच, की माझ्या वडिलांचं पुण्यात कॅम्पात मिलिटरी टेलरिंगचं दुकान होतं. अधिकाऱ्यांची पदकं बारवर, म्हणजे कोटाला लावायच्या पट्टीवर, चढवून देणं हे वडिलांचं काम आणि फिती कापणं माझं. मोठ्या पदकाची फीत ३२ मिलिमीटर रुंद, छोट्याची १६. ही मापं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते. आजीच्या ट्रंकेत एकाच पिनेवर ओळीनं तीन लहान पदकं सापडली. एक तारा, एक चांदीसारखं गोल आणि एक इंद्रधनुष्यी फितीचं. त्या शेवटच्या फितीवर धातूचं बारीक पान आहे. नाव कुठेच नाही. भाऊ म्हणतो, नाटकातली असतील. तो ती सुटी करून एकेक फ्रेम करणार आहे. – सातारा

भावाच्या हातातून आधी ती पीन काढून घ्या, मग पुढचं वाचा.

नाटकातली नाहीत. '१९१४-१५ स्टार', 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि 'व्हिक्टरी मेडल' अशी ही तिकडी आहे. तिला ब्रिटनमध्ये गमतीनं 'पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड' म्हणत. त्या काळी एका वर्तमानपत्रात येणाऱ्या चित्रमालिकेतली ही पात्रं, म्हणजे एक कुत्रा, एक पेंग्विन आणि एक ससा. ताऱ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आहेत का आणि मधल्या पट्टीवर '१९१४-१५' असं आहे का, ते भिंगातून बघा. नुसतं '१९१४' असेल तर गोष्ट निराळी. तो तारा १९१४ च्या नोव्हेंबरपर्यंत फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेलेल्यांचा. मग पणजोबा मेसोपोटेमियाच्या आधी फ्रान्सलाही जाऊन आले होते का, हे शोधावं लागेल.

नाव नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मोठं पदक सरकार देई आणि त्यावर नाव घालून देई. छोटं पदक ज्यानं त्यानं आपल्या पैशानं सराफाकडून किंवा शिंप्याकडून घ्यायचं. त्यावर सहसा नाव नसतंच. पण घेतलं कोणी, हा खरा प्रश्न. शिपाईगड्याला मेसमधल्या मेजवानीचं बोलावणं नसे, मग छोटी पदकं घेऊन तो करणार काय? पहिल्या महायुद्धात अनेक भारतीय डॉक्टरांना इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये तात्पुरतं कमिशन मिळालं. ते अधिकारी झाले, मेसमध्ये जेवू लागले, त्यांना हा दागिना लागला. तुमच्या घरच्या आठवणीशी ही पीन जुळते ती इथे.

आता ते पान. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली. व्हिक्टरी मेडलच्या फितीवरचं पान म्हणजे 'मेन्शन इन डिस्पॅचेस'. सेनापतीनं वर पाठवलेल्या अहवालात ज्याचं नाव कामगिरीबद्दल आलं, त्यालाच ते लावता येई. आणि ही नावं 'लंडन गॅझेट'मध्ये छापली जात. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. आडनावाच्या स्पेलिंगची चार-पाच रूपं करून बघा. साहेबांच्या कारकुनांनी कुळकर्णी आणि सहस्रबुद्धे यांचं काय काय केलं असेल, त्याचा नेम नाही. नाव सापडलं तर त्या पानाची छापील प्रत काढा आणि पिनेसोबत एकाच डबीत ठेवा. तो कागद जवळ असला की ही तीन पदकं तुमच्या पणजोबांची. नसला तर कोणाचीही.

मोठी पदकं कुठे गेली, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. त्यातल्या गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर नाव असतं. शिपायांच्या पदकांवर क्रमांक आणि पलटणही. ब्रिटिश वॉर मेडल जवळजवळ एक औंस चांदीचं, त्यामुळे चांदी महागली की ते सोनाराकडे जाई. आमच्या दुकानात एक निवृत्त गृहस्थ दोनच मोठी पदकं माउंट करायला घेऊन आले होते. मधली जागा रिकामी ठेवा म्हणाले. वडिलांनी कारण विचारलं नाही. नुसतं विचारलं, "मुलीचं लग्न?" ते हो म्हणाले.

पीन सोडू नका, असं पुन्हा सांगते. पदकांचा क्रम, फितीची घडी, पाठीमागचा टाका, शिंप्याची चिठ्ठी उरली असेल तर ती, हे सगळं एकत्र असेपर्यंतच काही सांगतं. सुटी केलीत की एक तारा आणि दोन चकत्या.

प्रश्न : एका ऑनलाइन विक्रेत्याकडून गुलाबाच्या आकाराचं, लाल मीनाकामाचं, जांभळ्या फितीचं छोटं पदक घेतलं. 'सोन्याचं सीआयई, १८७८' असं त्याचं म्हणणं. बरीच रक्कम मोजली आहे. खरं कसं ओळखायचं? – ठाणे

रक्कम मोजण्याआधी लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. असो, आता घेतलंच आहे तर नीट बघू.

सीआयई म्हणजे 'कंपॅनियन ऑफ द इंडियन एम्पायर'. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यानंतर १८७८ च्या सुरुवातीला 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' ही सन्मानांची श्रेणी निघाली. आधी तिला कंपॅनियन ही एकच पायरी होती, वरच्या पायऱ्या १८८७ पर्यंत आल्या. महाराष्ट्राला ही अक्षरं चांगली ओळखीची आहेत. न्यायमूर्ती रानडे सीआयई होते. गोखल्यांना १९०४ मध्ये सीआयई मिळालं आणि पुढे देऊ केलेला 'सर' त्यांनी नाकारला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये त्याच ऑर्डरचे नाइट कमांडर झाले, म्हणून आपण त्यांना सर भांडारकर म्हणतो. या ऑर्डरचे शेवटचे हयात नाइट, ध्रांगध्राचे महाराज, २०१० मध्ये वारले.

आता तुमचा गुलाब. पाच लाल पाकळ्या, पाकळ्यांच्या फटींतून डोकावणारी हिरवी टोकं, मधोमध राणीचा मुखवटा, त्याभोवती लॅटिन अक्षरांचं जांभळं कडं आणि वर मुकुट. अगदी पहिल्या नमुन्याच्या मोठ्या पदकावर पाच पाकळ्यांवर 'इंडिया'ची पाच इंग्रजी अक्षरं, एकेका पाकळीवर एकेक, अशी होती. १८८७ मध्ये पदक लहान झालं आणि ती गेली. तेव्हा विक्रेता १८७८ म्हणत असेल आणि पाकळ्या कोऱ्या असतील, तर त्याचं साल चुकलं. याचा अर्थ पदक खोटं असा नाही, फक्त नंतरचं. नंतरच्या पदकांत सोन्याऐवजी मुलामा दिलेली चांदीही असते. म्हणून आधी एखाद्या भरवशाच्या सोनाराकडून कस बघून घ्या, पण कसोटीवर घासू देऊ नका. हल्ली न घासता तपासायची यंत्रं सराफांकडे आहेत.

भिंग दहापटीचं घ्या. ठशानं पाडलेल्या पदकाच्या कडा धारदार असतात, मुकुटाची बारीक नक्षी सुटी सुटी दिसते. ओतीव नकलेत सगळं साबणाची वडी वापरून झिजल्यासारखं मऊ, आणि खोलगट जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे. मीना म्हणजे भट्टीत वितळवून धातूवर बसवलेली काच. ती काचेसारखी चकाकते, फुटली तर काचेसारखी टवका उडून फुटते. नकलेवर रंगीत लाख किंवा रेझिन भरलेलं असतं. ते कडांवरून किंचित ओघळलेलं, कधी फुगलेलं दिसतं. खऱ्या पदकाची एखादी पाकळीसुद्धा नंतर कोणीतरी रेझिननं दुरुस्त केलेली असू शकते, म्हणून पाचही पाकळ्या एकाच तिरक्या उजेडात धरून बघा.

फितीसाठी माझी युक्ती स्वस्त आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा घ्या आणि खोलीत अंधार करा. आजकालच्या धाग्यात चकाकी आणणारी द्रव्यं असतात, तो निळसर पेटतो. जुनं रेशीम गप्प राहतं. पण जुनी फीत कोणी कपड्यांच्या पावडरीत धुतली असेल तर तीही पेटेल. आणि फीत नवी म्हणजे पदक नवं, असंही नाही. आमच्याच दुकानात शंभर जुन्या पदकांना नव्या फिती लागल्या असतील, त्यातल्या निम्म्या मी कापल्या.

डबीवर स्पिंक किंवा गॅरार्ड या लंडनच्या जुन्या पेढ्यांचं नाव असलं तर आनंद होऊ द्या, पण बेतानं. डब्या बदलतात. पदक डबीतल्या खाचेत बरोब्बर बसतं का, ते बघा. मखमलीवर वर्षानुवर्षांच्या दाबाचा ठसा असतो आणि तो आकार पदकाच्या आकाराशी जुळायला हवा.

प्रश्न : चांदीची पदकं काळी पडली आहेत. सासूबाई चिंच लावून घासायला सांगतात. फितींवर तेलकट डागही आहेत. – नागपूर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि चिंच आमटीत घाला.

हे मी कोरड्या उपदेशानं सांगत नाही. मी नववीत असताना दुकानात एक मीनाकामाचा क्रॉस आला होता, निळ्या बाह्यांचा, नखाएवढा. वडील बाहेर गेले होते. मला वाटलं, आपण चकचकीत करून ठेवू. रिठ्याच्या उकळत्या पाण्यात बुडवला आणि मग थंड नळाखाली धरला. टिक् असा आवाज झाला. अगदी छोटा. एका बाहीवरचा मीना नळाच्या पाण्याबरोबर मोरीत गेला. गरम धातू आणि काच वेगवेगळ्या वेगानं आक्रसतात, हे मला शाळेत पुढच्या वर्षी शिकवलं. गिऱ्हाईक काही बोललं नाही. वडीलही बोलले नाहीत, पण त्यांनी त्या महिन्यात मला एकही फीत कापू दिली नाही.

तेव्हा मीनाकाम असेल तर पाणी नको, अल्ट्रासॉनिक यंत्र तर नकोच. साध्या चांदीच्या पदकावरची काळपट-निळसर झाक ही त्याच्या वयाची साय आहे, ती राहू द्या. घासल्यावर फक्त काळेपणा जात नाही, राजाची भुवई, दाढीचे केस, अक्षरांची धार हेही जातं. जाणकार गिऱ्हाईक घासलेलं पदक एका नजरेत ओळखतं आणि भाव पाडतं. हिरवी पूड धरलेल्या ब्राँझचा मामला वेगळा. ती पूड बांबूच्या टूथपिकनं हलकेच उकरा, लोखंडाच्या सुईनं नव्हे.

चांदी काळी होते ती हवेतल्या गंधकामुळे. रबर बँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र ही सगळी त्याची माहेरघरं. आणि नेमकी याच तीन गोष्टींत आपण पदकं गुंडाळतो. सागवानी कपाट चालेल असं बरेच जण म्हणतात. मी लाकूड आणि पदक यांच्यामध्ये आम्लरहित कागद घालते आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात महिन्याला बदलते. मऊ प्लास्टिकचे चिकट खिसे असलेले अल्बम तर आजच रिकामे करा.

तेलकट डागांवर इलाज नाही, पण सोबत आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३७ मध्ये हिंदी अधिकाऱ्यांसाठी 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' काढली. ती गळ्यात घालायची, पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर', दुसऱ्याला 'बहादूर'. फीत आकाशी होती. वर्षभरात ती बदलून किरमिजी केली. कारण असं सांगतात की सुभेदारांच्या डोक्याचं तेल त्या आकाशी रेशमावर उतरून डाग दिसत. साहेबाला शेवटी तेलापुढे हार मानावी लागली. तुमचे डाग राहू द्या, ते वापराचे आहेत. फक्त फीत उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली टांगू नका. रंग एकदा उडाला की येत नाही. कसरीसाठी कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत, रेशमाला न टेकवता.

प्रश्न : आमच्या घरी लाल क्रूस असलेला बोटाच्या पेराएवढा दागिना आहे. आत पांढरा क्रूस, वर छोटंसं हृदय. लाल फीत. आजोबांच्या वडिलांना पोर्तुगिजांनी दिला म्हणतात. – मडगाव

पांढरा क्रूस पोटात घेतलेला लाल क्रूस म्हणजे पोर्तुगालची 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'. टेम्प्लर सरदारांचा, म्हणजे धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा, संघ मोडल्यावर राजा दिनिश यानं १३१९ मध्ये पोपच्या परवानगीनं ती उभी केली. वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर जो तांबडा क्रूस असे, तो हाच. मूळची साधूंची आणि लढवय्यांची संघटना १७८९ मध्ये राणी मारिया हिनं मानसन्मानाची केली. त्याच वेळी क्रूसावर येशूचं पवित्र हृदय आलं.

तुमच्या घरचं छोटंसं हृदय इथे कामाचं आहे. १९१० मध्ये पोर्तुगालची राजवट गेली, प्रजासत्ताकानं ऑर्डर बंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा चालू केली, पण हृदयाशिवाय. म्हणजे तुमचा नमुना राजेशाहीच्या काळातला, १९१० च्या आधीचा, हे धरून चालायला हरकत नाही. त्या जुन्या पणजोबांची सनद, पोर्तुगीज शिक्क्यांचा एखादा कागद घरात नक्की शोधा. गोव्यातली घरं कागद जपतात, फक्त कुठे ते विसरतात.

प्रश्न : जुन्या बाजारात परमवीर चक्राचं छोटं पदक अगदी किरकोळ किमतीला मिळालं. खरं असेल का? – पुणे

नाही. परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालं आहे. त्यातलं कोणाचं मिनिएचर तुमच्यासाठी रविवारी सकाळी गोधडीवर मांडलेलं नसतं. लष्करी शिंप्यांकडे सगळ्या पदकांच्या लहान प्रती विकत मिळतात. मेस ड्रेससाठी, हरवलेल्याच्या जागी लावायला किंवा कपाटात ठेवायला. त्यातली ही एक. ठेवा खुशाल, फक्त कोणाचं म्हणून दाखवू नका आणि कोटावर तर मुळीच लावू नका.

पण तिच्याकडे नीट बघा. मधल्या राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रं आहेत. हे पदक घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्मानं युरोपियन, लग्नानं मराठी, मनानं आपल्या पुराणांत बुडालेल्या. १६ मिलिमीटरच्या सबंध जांभळ्या फितीवर ती वज्रं काय दिसतात! कारवारजवळचे राम राघोबा राणे यांना ते १९४८ च्या नौशेरा-राजौरी मोहिमेसाठी मिळालं, तेही जिवंतपणी.

जाता जाता : पद्म पुरस्कार मिळालेल्यांना मोठ्या पदकासोबत एक छोटी प्रतिकृती सरकारच देतं, समारंभात लावण्यासाठी. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं हा अन्यायच.

प्रश्न : न्यू जर्सीच्या मुलाला आजेसासऱ्यांची पदकं द्यायची आहेत. तो दिवाळीत येतोय, बॅगेत टाकू का? – डोंबिवली

थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' होते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाची नाहीत. तरी विमानतळावर हुज्जत नको असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला आधी घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीच्या दोन महिने आधी सुरुवात करा. जे नेता येणार नाही त्याचे पुढून-मागून फोटो काढून मुलाला द्या, आणि वस्तू इथल्याच एखाद्या नातवंडाच्या नावानं ठेवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आजीनं वाढदिवसाला पाचशे रुपये दिले. पहिलं पदक कोणतं घेऊ? – सांगली

बाळा, 'इंडियन इंडिपेंडन्स मेडल' बघ. १५ ऑगस्ट १९४७ ला सैन्यात असलेल्यांना दिलेलं. केशरी-पांढऱ्या-हिरव्या फितीचं. पुढच्या बाजूला अशोकचक्र आणि त्याच्यावर चक्क इंग्रजांचा मुकुट! पाठीमागे सिंहांची चौकडी. एका पदकात दोन राज्यं भेटलेली असं दुसरं मला माहीत नाही. मोठं मिळालं तर कडेवर शिपायाचं नाव आणि क्रमांक आहे का ते बघ. छोटं मिळालं तर नाव नसणारच, मग विकणाऱ्याला विचार, कोणाच्या घरातून आलं. तो सांगेल ते तारखेसकट वहीत लिही. सगळं खरं असेल असं नाही, म्हणून पेन्सिलीनं लिही.